घास अडकणे व न हटणारे आम्लपित्त : कारणाचा शोध

छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी आणि जोडीला घास छातीत अडकल्यासारखा वाटणे, ही लक्षणे आठवडेच्या आठवडे राहिली तर त्यांचे मूळ शोधण्याची वैद्यकीय पद्धत. ठाणे-नवी मुंबईत या सगळ्याला ‘पित्त झालंय’ असे एकच नाव आहे आणि अडचण तिथेच सुरू होते. जळजळ एकवेळ पित्तावर ढकलता येईल. घास अडकणे मात्र कधीही नुसते पित्त समजू नये.

अन्ननलिका प्रौढ माणसात सुमारे २५ सेंमी. लांब असते. तिच्या खालच्या टोकाची स्नायूंची झडप सैल पडली की जठरातले आम्ल वर येते. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा भागात कामावरून परतून दहा-साडेदहाला जेवणे आणि लागलीच आडवे होणे नेहमीचे आहे; भरल्या पोटी झोपल्याने त्रास वाढतो. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवून, जेवणाआधी अर्धा तास पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी नियमाने घेऊनही उतार पडत नसेल, तर खरा शोध सुरू होतो.

बरेचसे निदान प्रश्नोत्तरांतच होते. आधी भाकरी अडकते, काही महिन्यांनी भात, मग पेज, असा क्रम असेल तर नलिका अरुंद होत आहे : आम्लाच्या जखमेने आलेले आकुंचन किंवा गाठ. पाणी आणि भाकरी दोन्ही पहिल्यापासून अडत असतील तर दोष बहुधा स्नायूंच्या हालचालीत असतो. रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांनी सवय लावून घेतलेली असते. भाकरी आमटीत पार कुस्करायची, प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घ्यायचा, सगळे उठले तरी ताटावर बसून राहायचे आणि हळूहळू पोळी सोडून मऊ भातावर यायचे. घरच्यांना वाटते, हल्ली यांना भातच आवडतो. हा बदल कधीपासून झाला हे डॉक्टरांना नेमके सांगता आले तर ते एखाद्या तपासणीइतके मोलाचे ठरते.

वजन उतरणे, रक्ताची उलटी, काळी शौच, रक्तक्षय, किंवा तंबाखू-मिश्रीची जुनी सवय असून घास अडकणे, यांत थांबू नये. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात लगेच दाखवावे. कर्करोग निघालाच तर टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र खारघरलाच आहे.

पहिली तपासणी एंडोस्कोपीची, बोलीत ‘दुर्बीण’ : तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत पाहणे. तीत व्रण, आकुंचन, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे), गाठ दिसतात. काहीच दिसले नाही तरी घास अडकत असेल तर नलिकेच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासायला घ्यायला हवेत. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस या ॲलर्जीशी निगडित आजारात नलिका वरून निरोगी भासू शकते. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी सापडल्या की तो पकडता येतो. त्यासाठी वेगवेगळ्या भागांतून किमान सहा तुकडे घेतात. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर या खुणा झाकल्या जाऊ शकतात, म्हणून ती आधी किती दिवस बंद ठेवायची हे विचारून घ्यावे. ‘दुर्बीण नॉर्मल’ एवढ्यावर फाइल मिटून तीच गोळी वर्षानुवर्षे चालू ठेवणे ही मोठी चूक आहे.

अकॅलेशिया या आजारात ही चूक हमखास घडते. यात झडप उघडतच नाही; अडकून कुजलेल्या अन्नानेच जळजळ होते आणि सगळे तिला आम्लपित्त समजतात. रात्री उशीवर न पचलेले अन्न येते, पण ते आंबट लागत नाही, कारण ते जठरापर्यंत पोहोचलेलेच नसते. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत नलिकेचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे दिसते. पक्के निदान मॅनोमेट्रीने : नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे छोटे घोट गिळायला लावतात आणि प्रत्येक घोटाचा दाब मोजतात.

शेवटी उरते २४ तासांची पीएच तपासणी, म्हणजे नलिकेतल्या आम्लतेची नोंद. नाकातून घातलेली तार कमरेच्या यंत्राला जोडतात. जळजळ झाली की बटण दाबायचे. त्या दिवशी घरी पडून राहू नये. नेहमीची ठाणे-वाशी लोकल पकडावी, नेहमीचा डबा खावा, म्हणजे नोंद खऱ्या दिवसाची होते. नलिकेत आम्ल ६ टक्क्यांहून अधिक वेळ आढळले तर आम्लाचा दोष नक्की; ४ टक्क्यांहून कमी असेल तर जळजळीचे कारण बहुधा दुसरे असते.