शेळ्या पाळणं वेगळं, बोकड पोसणं वेगळं

"अण्णा, ईदला बोकडं काय भावानं गेली बघितलं का? आपण पण पन्नास शेळ्या टाकू की." सोलापूर भागात बकरी ईद झाली की दरवर्षी हे ऐकायला मिळतं. भाव बघितला पोसलेल्या बोकडांचा आणि गडी निघाला गाभण शेळ्या विकत घ्यायला. हे दोन वेगळे धंदे आहेत. ते एकच समजून कर्ज काढलं जातं, शेड उभं राहतं, दीड-दोन वर्षांत ते रिकामं होतं आणि मग गावभर सांगितलं जातं की शेळीपालनात काही राम नाही.

शेळ्या पाळणं म्हणजे पैदास. शेळी फळते म्हणजे गाभण राहते, व्यायते आणि तिची करडं वाढवून विकायची. बोकड पोसणं म्हणजे दुसऱ्याकडं जन्मलेली नर करडं विकत आणायची, तीन-चार महिने खुराक देऊन अंगात भरवायची आणि सगळीच्या सगळी विकून टाकायची.

पैदाशीबद्दल फार सांगत बसत नाही. दारात दोन-चार शेळ्या असलेलं घर आपल्याकडं प्रत्येकानं बघितलेलं आहे, अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, शेळी देणं-घेणंही नवीन नाही. पाच महिन्यांचा गाभणकाळ, नीट सांभाळलं तर दोन वर्षांत तीन वेतं, वीस-पंचवीस शेळ्यांमागं एक नर आणि तो दोन वर्षांनी बदलायचा, नाहीतर बापाचा लेकीशी संबंध येतो. उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळी होतात, पण प्रत्येक वेताला होत नाहीत आणि झालेली सगळी जगत नाहीत. "एका शेळीपासून वर्षाला चार करडं" असा हिशेब ज्या प्रकल्प अहवालात दिसेल, तो अहवाल तिथंच मिटवा. वर्षाला विकण्याजोगी दोन करडं हाती लागली तरी तो गोठा उत्तम चाललाय असं समजा.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. गोठा दोन्हीला जवळपास सारखाच लागतो: सावली, कोरडी जमीन, खेळती हवा आणि चाऱ्याची नासाडी होणार नाही अशी गव्हाण. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं तरी पुष्कळ फरक पडतो. पहिल्याच वर्षी लाखभराची प्लॅस्टिकची उंच फरशी बसवायला माझा ठाम विरोध आहे. ते पैसे जनावरात आणि चाऱ्यात घाला. जातीचंही तेच. धाराशिव-लातूरची काळी उस्मानाबादी आपल्या उन्हाला, आपल्या चाऱ्याला आणि आपल्या गिऱ्हाइकाला बसलेली आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून लांबून बीटल नाहीतर बोअर आणायची घाई करू नका. लेंडीखत दोन्हीकडं मिळतं, डाळिंबवाले ते चांगल्या पैशानं नेतात.

खरी गफलत होते ती पुढं. पैदाशीत शेळी हे भांडवल आहे आणि करडू हा माल. पोसणीत भांडवल असं काही गोठ्यात उभंच नसतं, बांधलेलं प्रत्येक जनावर माल आहे. किराणा दुकानात जसा माल येतो आणि जातो तसा. हा एक फरक डोक्यात पक्का नसेल तर खरेदी, खुराक, विक्री, आजारपण या सगळ्यात चुकीचे निर्णय होतात.

विक्रीपासून सुरुवात करू. पोसणीत सगळ्यात देखणा, सगळ्यात लवकर वाढलेला बोकड आधी विकायचा, कारण भाव त्यालाच येतो. पैदासवाला ईदच्या तोंडावर हेच करतो आणि फसतो. दारात व्यापारी येतो, कळपातल्या सगळ्यात भरलेल्या पाठीवर, म्हणजे अजून न व्यायलेल्या तरण्या मादीवर, बोट ठेवतो, चांगला आकडा सांगतो. घरात पैशाची गरज असतेच, पाठ जाते. पुढच्या वर्षी दुसरी जाते. मागं राहतात त्या बारीक चणीच्या, उशिरा माजावर येणाऱ्या, दूध कमी असलेल्या. तीन-चार वर्षांत कळपाची संख्या तेवढीच दिसते, पण करडं हलकी होतात आणि मरतुक वाढते. पैदाशीत उलटं चालायचं असतं: सगळ्यात चांगल्या पाठी कुठल्याही किमतीला विकायच्या नाहीत, आणि न फळणारी, करडांना न पाजणारी, सड बसलेली शेळी दरवर्षी काढायची. पैदासवाल्याला व्यापाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

खरेदीतही तेच. पोसणीसाठी सांगोल्याचा रविवारचा बाजार उत्तम. नर करडू निरोगी आहे, चालायला ठीक आहे, डोळे-नाक स्वच्छ आहे, एवढं बघितलं की भागतं. त्याच्या आईला किती दूध होतं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. पैदाशीची शेळी मात्र बाजारातून आणू नका. जुळं देणारी, दोन्ही करडं जगवणारी शेळी माणूस सहसा बाजारात आणत नाही. आणली तर नड असते म्हणून, आणि ती नेमकी आपल्याला सापडेल याची खात्री नाही. बाजारात येते ती बहुतेक वेळा कुणीतरी काढून टाकलेली: दोनदा गाभडलेली म्हणजे गाभ पडलेली, एक सड बंद असलेली, दात झिजलेली. पैदाशीची शेळी घराघरांतून घ्यायची, जिथं तिची आई बघता येते, तिची मागची करडं समोर उड्या मारत असतात आणि कासेला हात लावून बघता येतो. सांगोला तालुक्यात महूदला शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. खरेदीला निघायच्या आधी तिथला कळप डोळ्याखालून घाला, म्हणजे चांगलं जनावर कसं दिसतं ते कळेल.

पोसणीत सगळी कमाई खरेदीच्या दिवशी ठरते, हे नवख्याच्या गळी उतरत नाही. समजा १५ किलोचं करडू किलोला ४०० च्या हिशेबानं ६,००० ला घेतलं. चार महिने रोज १५ रुपये चारा-खुराक, म्हणजे १,८००. दिवसाला ८० ग्रॅमनं वाढलं तर साडेनऊ किलो चढलं. त्याच भावानं विकलं तर ९,८०० च्या आसपास आले. हातात दोन हजार, त्यातून औषधपाणी आणि वाहतूक जायची. आता तेच करडू बाजारात नजरअंदाजानं घेतलं आणि ते ४५० रुपये किलोनं पडलं, तर साडेसातशे रुपये जागेवरच गेले. वाढ ८० ऐवजी ५० ग्रॅम झाली तर विकून ८,४०० येतात आणि हातात ६०० उरतात. आणि एक करडू मेलं तर चांगल्या वाढलेल्या तीन-चार बोकडांचा नफा त्याच्याबरोबर गेला. पैदाशीत शेळी हजार रुपये महाग पडली तर तो बोजा पाच-सहा वेतांवर वाटला जातो. पोसणीत तो एकाच विक्रीतून वसूल करायचा असतो.

म्हणून पोसणीवाल्यानं वजनकाटा घेतल्याशिवाय बाजारात पाऊल टाकू नये. रुमालाखाली बोटं धरून होणारे सौदे पिढ्यान्‌पिढ्या नजर बसलेल्या माणसांसाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत. सकाळी मीठ घातलेला खुराक देऊन वर भरपूर पाणी पाजलं की करडाचं पोट टम्म दिसतं, ते वजन दुसऱ्या दिवशी राहत नाही. दोन्ही कुशी बघा, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवा. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस हाताला लागतंय की नुसती हाडं, ते लगेच कळतं. चौकट मोठी पण अंगावर मांस कमी असं निरोगी करडू पोसणीला सगळ्यात चांगलं. आधीच गोल झालेलं घेतलं तर भरवायला काही उरत नाही.

आता ईद. सगळ्यात जास्त लोक इथं चुकतात, म्हणून तारखेनिशी सांगतो. २०२५ ची बकरी ईद ७ जूनला होती. कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं लागतं आणि गिऱ्हाईक ओठ वर करून दुधाचे पडून आलेले दोन पक्के दात बघतं. दोन दाती व्हायला बोकडाला साधारण तेरा-चौदा महिने लागतात. म्हणजे करडू एप्रिल २०२४ मध्ये जन्मलेलं हवं, म्हणजे शेळी नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास फळलेली हवी. आपल्याकडं पहिला पाऊस पडून रान हिरवं झालं की बऱ्याच शेळ्या माजावर येतात, त्यांची करडं नोव्हेंबर-डिसेंबरला होतात. ती जूनमध्ये जेमतेम सहा-सात महिन्यांची. ती ईदच्या कामाची नाहीत, खाटकाच्या भावानंच जाणार. "घरची करडं ईदला काढू" म्हणणाऱ्या पैदासवाल्यानं हा हिशेब दीड वर्ष आधी केलेला असतो का? पोसणीवाल्याला ही अडचण नाही. तो जानेवारी-फेब्रुवारीत नऊ-दहा महिन्यांची, शिंगं-कान धड असलेली, लंगडी नसलेली बोकडं निवडून घेतो आणि चार महिने पोसतो. शिवाय ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. २०२४ ला ती १७ जूनला होती. ज्यानं दर वर्षी मार्चमध्येच खरेदी करायची असं ठरवून टाकलंय, त्याचे पोसायचे दिवस वर्षागणिक कमी होत जातात.

खुराकाचं गणितही यातूनच निघतं. भांडवलाला अंगात भरवायचं नसतं. चरबी चढलेली शेळी लवकर फळत नाही आणि जाडजूड नर शेळ्यांवर चढायला आळस करतो. शेळीला तुरीचं भूस, कडब्याची कुट्टी, शेवरी-सुबाभळीचा पाला आणि शिवारात चराई मिळाली की पुरे. खुराक वाढवायचा तो गाभणकाळाचा शेवटचा दीड महिना आणि पाजत्या दिवसांत. पोसणीच्या बोकडाला मात्र रोज मक्याचा भरडा आणि पेंड लागते. आणि इथंच नवखा मोठा घोळ करतो: आणल्या दिवसापासून अर्धा किलो भरडा पुढं ठेवतो. पोट बिघडतं, आंत्रविषार म्हणजे आतड्यात विष तयार होणारा रोग होतो आणि संध्याकाळी ठणठणीत दिसलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. आंत्रविषाराची लस आधी टोचा, सुरुवात ५०-१०० ग्रॅमनं करा, आणि पंधरा-वीस दिवसांत हळूहळू पाव किलोवर या. खच्ची केलेल्या बोकडाला नुसत्या धान्यावर आणि गव्हाच्या कोंड्यावर ठेवलं तर मूतखडा होतो. बोकड पाठ वाकवून कुंथतोय आणि थेंब थेंबच लघवी होतेय असं दिसलं तर पोट दुखतंय समजून ओवा पाजत बसू नका, तासाभरात डॉक्टरांना बोलवा. मेथीघास-शेवरीसारखा हिरवा चारा, मीठ आणि भरपूर स्वच्छ पाणी रोज असेल तर ही वेळ बहुतेक येत नाही.

अनुदानाच्या बाबतीत तर लोक डोळे झाकून जातात. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या-५ बोकडांपासून ५०० शेळ्या-२५ बोकडांपर्यंतच्या गटांना ५० टक्के भांडवली अनुदान आहे, लहान गटाला १० लाखांपर्यंत आणि मोठ्याला ५० लाखांपर्यंत. राज्याच्या योजनेतला गट १० शेळ्या आणि १ बोकडाचा. हे सगळे पैदाशीचे गट आहेत. ज्याला बोकड पोसायचे आहेत त्यानं अनुदानासाठी शंभर शेळ्या अंगावर घेऊ नयेत. पहिला पैसा हातात यायला दीड वर्ष लागतं आणि बँकेचा हप्ता तोवर थांबत नाही.

माझं मत विचाराल तर सांगोला, मंगळवेढा, करमाळा या कोरडवाहू पट्ट्यात जिथं थोडंफार चरायला रान आहे आणि घरात सांभाळणारं माणूस आहे, तिथं पैदासच करावी, दहा शेळ्यांनी सुरुवात करून कळप घरच्या पाठींनी वाढवावा. शहराजवळ आहात, चराई नाही, पण मका आणि मेथीघास स्वतःच्या रानात पिकतो आणि बाजारात नजर बसलेली आहे, तर पोसणी. नोकरीतल्या बचतीवर, गावाकडं गडी ठेवून, लांबून करायची असेल तर यातलं एकही करू नका.

दोन्ही एकत्र करायचंच असेल तर एक गोष्ट पाळा. बाजारातली करडं पैदाशीच्या गोठ्यात आणू नका, तात्पुरतीही नाही. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग बहुतेक असाच येतो: नाक वाहतं, तोंड येतं, जुलाब लागतात आणि आठवड्याभरात घरची लहान करडं पटापट जातात. विकत आणलेल्या मालासाठी वेगळं शेड, वेगळ्या बादल्या, आणि शक्य असेल तर वेगळा माणूस. पोसणीची तुकडी एकदम आणायची, एकदम विकायची आणि शेड रिकामं झालं की चुना मारून पंधरा दिवस मोकळं ठेवायचं. घरची नर करडं तीन महिन्यांची झाली की पोसणीच्या शेडात नेता येतात, पण तिकडं गेलेलं जनावर परत इकडं येणार नाही. हिशेबाच्या वह्याही दोन ठेवा. घरचं करडू पोसणीच्या शेडात गेलं की त्या दिवशीच्या बाजारभावानं ते पैदाशीच्या वहीत विकलं आणि पोसणीच्या वहीत विकत घेतलं असं लिहा, म्हणजे कुठला धंदा पैसे देतोय आणि कुठला खातोय ते वर्षाच्या आत दिसेल.