व्हिडिओ चांगला आहे, मग सर्चमध्ये दिसत का नाही?
व्हिडिओ ब्लॉग करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक व्हिडिओ ब्लॉगरांची तक्रार एकच असते: ज्यांनी व्हिडिओ पाहिला त्यांना तो आवडला, पण सर्च करून नवीन माणूस काही येत नाही. कॅमेरा, आवाज, एडिटिंग सगळं नीट असतं. चॅनेल उघडून पाहिलं की कारण बहुधा समोरच सापडतं. चौदा मिनिटं अखंड बोलणाऱ्या माणसाने त्या व्हिडिओबद्दल लिहिलेली असते जेमतेम दीड ओळ, आणि तीही ‘आवडलं तर सबस्क्राइब करा’ अशी.

सर्च इंजिनला आता बोललेलं काही प्रमाणात कळतं, चित्रंही ओळखता येतात. तरी कोणी काही शोधलं की कोणता व्हिडिओ दाखवायचा हे ठरवताना टायटल, डिस्क्रिप्शन, कॅप्शन आणि व्हिडिओ ज्या पानावर आहे तिथला मजकूर यांवर बराच भार असतो. त्यामुळे व्हिडिओ सर्चमध्ये सापडावेत यासाठीचं आमचं काम ऐकायला तांत्रिक वाटलं तरी त्यात लिखाणच जास्त आहे. त्यातलं बरंचसं तुम्हाला स्वतःला जमेल, आणि तुम्ही केलंत तर ते आमच्यापेक्षा चांगलं होईल. विषय तुमचा आहे.

कोणते भाग सर्चसाठी, ते आधी ठरवा

समजा, तुम्ही लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाचे व्हिडिओ करता. ‘दिवस पाचवा: आज नुसती धमाल!’ हा भाग तुमचे नेहमीचे प्रेक्षक आवडीने पाहतील. पण तो कोणी शोधणार नाही, कारण असा काही भाग आहे हे बाहेरच्या कोणाला ठाऊकच नाही. अशा भागांना प्रेक्षक मिळतात ते होमपेजवरून, सुचवलेल्या व्हिडिओंमधून आणि सबस्क्रायबरांकडून. त्याच भागात तुम्ही पावसात सामान कोरडं कसं ठेवलं ते चार मिनिटं दाखवलं असेल, तर गोष्ट वेगळी. तो प्रश्न लोकांना पडतच असतो, आणि पुढच्या पावसाळ्यातही पडणार आहे.

म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही तुमच्या व्हिडिओंचे दोन गठ्ठे करतो: दैनंदिनीचे आणि प्रश्नांची उत्तरं देणारे. दैनंदिनीच्या भागांवर सर्चच्या नावाने पैसे घालवू नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. हवं तर त्यातली कामाची चार मिनिटं काढून वेगळा व्हिडिओ करा. उरलेल्या भागात तुमची गंमत तशीच राहू द्या. प्रत्येक भागाला ‘कसे करावे’ची टोपी घातली तर आहेत ते प्रेक्षकही कंटाळतात.

लोक काय शोधतात हे ओळखायला महागडी साधनं लागत नाहीत. यूट्यूबच्या सर्च चौकटीत दोन शब्द टाइप करा आणि खाली येणाऱ्या सूचना वाचा. या सूचना लोकांच्या शोधांतूनच तयार होतात. गूगल ट्रेंड्समध्ये ‘यूट्यूब सर्च’ हा पर्याय निवडला की दोन शब्दांपैकी कोणता जास्त चालतो आणि कोणत्या महिन्यात चालतो ते दिसतं. यूट्यूब स्टुडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्सखाली (प्रेक्षक कुठून आले ते दाखवणाऱ्या भागात) ‘यूट्यूब सर्च’ उघडलं, तर कोणते शब्द टाकून लोक तुमच्यापर्यंत आले त्यांची यादी मिळते. ही यादी पाहून मालक हमखास चकित होतात. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे तुमच्याच व्हिडिओंखालचे प्रश्न. एकच गोष्ट वेगवेगळी माणसं विचारत असतील, तर पुढच्या व्हिडिओचं टायटल त्यांनी लिहून दिलंय असं समजा.

जाणकार आणि नवशिके एकाच वस्तूला वेगळं म्हणतात, हेही ध्यानात असू द्या. तुम्ही ‘पॅनिअर’ म्हणाल, नवीन माणूस ‘सायकलच्या मागच्या बॅगा’ असं शोधेल. दोन्ही शब्द मजकुरात यायला हवेत, पण टायटलमध्ये कोणता घ्यायचा हे तुमचा प्रेक्षक कोण आहे यावर ठरवा. भाषा एक आणि लिप्या दोन असतील, म्हणजे कोणी रोमन अक्षरांत टाइप करत असेल, तर दुसऱ्या लिपीतलं रूप डिस्क्रिप्शनमध्ये एकदा सहज आलं की पुरे.

टायटल आणि डिस्क्रिप्शन

यूट्यूबवर टायटलला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर आणि सूचनांच्या यादीत ते त्याआधीच कापलं जातं. मुख्य गोष्ट पुढे, मालिकेचं नाव आणि भाग क्रमांक शेवटी. ‘माझी सफर भाग ७ | पावसात काय केलं’ यापेक्षा ‘पावसात सायकलवरचं सामान कोरडं कसं ठेवायचं | माझी सफर ७’ हे कितीतरी बरं. टायटलमध्ये जे कबूल केलंय ते व्हिडिओत मिळालं पाहिजे, आणि लवकर मिळालं पाहिजे.

डिस्क्रिप्शनला ५,००० अक्षरांची जागा असते. ती भरलीच पाहिजे असं नाही. मात्र पहिल्या दोन ओळी सोन्यासारख्या वापरा. ‘आणखी’ दाबण्याआधी तेवढंच दिसतं. तिथे स्वागत, आभार, सोशल मीडियाच्या लिंका नकोत. व्हिडिओत कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते साध्या वाक्यात लिहा. पुढे दोन-तीन परिच्छेदांत काय दाखवलं, कोणतं साहित्य वापरलं, कुठे अडचण आली ते लिहा. आमचा एक साधा निकष आहे: व्हिडिओ न पाहता नुसतं डिस्क्रिप्शन वाचून माणसाला काही कळलं का?

त्याखाली वेळेच्या नोंदी द्या, म्हणजे चॅप्टर तयार होतात. पहिली नोंद ०:०० चीच हवी, नोंदी चढत्या क्रमाने किमान तीन हव्यात आणि प्रत्येक चॅप्टर किमान १० सेकंदांचा हवा. एक अट चुकली तर चॅप्टर दिसतच नाहीत, आणि मग ‘यूट्यूब बिघडलंय’ असे फोन आम्हाला येतात! चॅप्टरांची नावं ‘भाग १, भाग २’ अशी ठेवू नका. प्रत्येक नाव म्हणजे एक छोटं टायटल आहे. गूगलच्या निकालांत व्हिडिओखाली महत्त्वाचे क्षण दिसतात, त्यांनाही या नोंदींचा आधार मिळतो.

टॅगबद्दल, म्हणजे व्हिडिओ चढवताना वेगळ्या चौकटीत टाकायच्या शब्दांबद्दल, फार विचारलं जातं, म्हणून सांगतो. व्हिडिओ सापडण्यात टॅगांचा वाटा अगदी कमी आहे, असं यूट्यूबच्याच मदत पानावर लिहिलंय. एखाद्या शब्दाचं स्पेलिंग लोक नेहमी चुकवत असतील तर टॅगांचा उपयोग. डिस्क्रिप्शनमध्ये टॅगांची भलीमोठी रांग लावणं तर नियमांविरुद्ध आहे. तसंच वेबसाइटच्या कोडमधले मेटा कीवर्ड, म्हणजे वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी: क्रमवारीसाठी आपण ते वापरत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलं होतं. कोणी त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका.

कॅप्शन तपासा

यूट्यूब २००९ पासून आपोआप कॅप्शन तयार करतं. त्यांचा दर्जा सुधारलाय, पण माणसांची नावं, गावांची नावं, यंत्रांचे भाग आणि दोन भाषांची सरमिसळ इथे ती हमखास गडबडतात. नेमके हेच शब्द लोक शोधत असतात. स्टुडिओत जाऊन चुका दुरुस्त करा, किंवा स्वतःची एसआरटी फाइल (वेळेच्या नोंदींसह कॅप्शन लिहिलेली फाइल) चढवा. ऐकू न येणाऱ्यांना आणि आवाज बंद करून पाहणाऱ्यांना व्हिडिओ कळतो, हा खरा फायदा. शिवाय दुरुस्त केलेला मजकूर तुमच्या वेबसाइटच्या पानासाठी आयता हाताशी येतो.

क्लिक झाल्यावर काय होतं

२०१२ साली यूट्यूबने नुसत्या व्ह्यूजऐवजी पाहिलेल्या वेळेला वजन द्यायला सुरुवात केली. आज सर्चबद्दल सांगताना ते तीन गोष्टी पुढे ठेवतात: व्हिडिओ शोधलेल्या शब्दांशी किती जुळतो, त्या शोधातून आलेले लोक तो किती पाहतात, आणि त्या विषयात चॅनेलवर किती भरवसा ठेवता येतो. यातली दुसरी गोष्ट लिखाणाने साधत नाही. प्रश्न शोधून आलेल्या माणसाला मिनिटभर संगीत आणि ड्रोनची दृश्यं दाखवली, तर तो मागे फिरतो. स्टुडिओतला प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडून पहिल्या ३० सेकंदांत रेषा किती खाली येते ते पाहा. टायटलमधल्या प्रश्नाला पहिल्या दोन-तीन वाक्यांत हात घाला. ओळखपाळख नंतर होईल.

थंबनेल, म्हणजे यादीत व्हिडिओसाठी दिसणारं छोटं चित्र, १२८० बाय ७२० पिक्सेलचं करा आणि फोनवर अंगठ्याएवढं करून बघा. अक्षरं वाचता आली नाहीत तर शब्द कमी करा. यूट्यूबमध्ये एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावून चाचणी घेण्याची सोय आहे. तिथे सरस कोण हे पाहिलेल्या वेळेवरून ठरतं, त्यामुळे भडक आणि फसवं चित्र आपोआप मागे पडतं. क्लिकच्या टक्क्यांची (थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती वेळा क्लिक झालं त्याची) चिंता करणाऱ्यांसाठी: यूट्यूबच्या म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांचं आणि व्हिडिओंचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं. तुमचा आकडा ४ असेल तर काही बिघडलेलं नाही.

स्वतःची वेबसाइट असेल तर

इथे सगळ्यात जास्त घोळ दिसतो. एकाच पानावर वीस व्हिडिओ ओळीने चिकटवलेले असतात आणि शेजारी मजकूर शून्य. २०२३ पासून गूगल आपल्या निकालांत व्हिडिओचं थंबनेल तेव्हाच दाखवतं, जेव्हा व्हिडिओ हाच त्या पानाचा मुख्य भाग असतो. लांबलचक लेखाच्या तळाशी टाकलेल्या व्हिडिओला आता ते मिळत नाही. उपाय सरळ आहे: प्रत्येक महत्त्वाच्या व्हिडिओला स्वतंत्र पान, आणि पान उघडताच व्हिडिओ वर, नजरेसमोर.

पण यूट्यूबचाच व्हिडिओ तुम्ही आपल्या पानावर लावलात, तर गूगल यूट्यूबचं पान आणि तुमचं पान अशी दोन्ही आपल्या यादीत घेऊ शकतं. मग वाचकाने तुमच्याकडे का यावं? तुमच्या पानावर यूट्यूबवर नसलेलं काही हवं. बोललेलं जसंच्या तसं उतरवू नका. ‘तर मित्रांनो’, ‘म्हणजे काय की’ हे काढून, परिच्छेद पाडून, मथळे देऊन नीट लेख करा. सामानाची यादी, मोजमापं, जवळून घेतलेले फोटो, व्हिडिओनंतर बदललेली माहिती हे सगळं तिथे द्या. ज्याला पाहायला वेळ नाही त्याला वाचून काम भागवता आलं पाहिजे.

तांत्रिक बाजू आम्ही सांभाळतो, तरी थोडक्यात. पानाच्या कोडमध्ये व्हिडिओची ओळख सांगणारा स्ट्रक्चर्ड डेटा घालावा लागतो. त्यासाठीची शब्दयादी स्कीमा डॉट ऑर्ग इथे आहे. २०११ साली गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून ती सुरू केली. व्हिडिओचं नाव, थंबनेलचा पत्ता आणि अपलोडची तारीख एवढं गूगलला लागतंच. वर्णन, कालावधी, प्लेअरचा पत्ता दिला तर उत्तम. थंबनेलचा पत्ता कायम तोच राहिला पाहिजे. दर काही तासांनी बदलणारे पत्ते देणाऱ्या सेवा असतात, त्यांनी सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

पान लवकर उघडावं म्हणून आम्ही कधीकधी आधी फक्त चित्र दाखवतो आणि क्लिक केल्यावर प्लेअर आणतो. यात एक खाच आहे: गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, क्लिक करत नाही. अशा वेळी स्ट्रक्चर्ड डेटा असल्याशिवाय तिथे व्हिडिओ आहे हे त्याला कळेलच असं नाही. वेगाचं म्हणाल, तर पानावरचा सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा ही गूगलची कसोटी आम्ही डोळ्यांसमोर ठेवतो. पान तयार झाल्यावर सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गूगलच्या सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन, त्यातला व्हिडिओ अहवाल पाहायचा. कोणत्या पानावरचा व्हिडिओ घेतला आणि कोणता का नाकारला, ते तिथे कारणासह लिहिलेलं असतं.

आम्ही काय करत नाही

व्ह्यूज, लाइक, सबस्क्रायबर विकत आणत नाही. यूट्यूबच्या नियमांत ते बसत नाही. आकडे कापले जातात आणि चॅनेलही जाऊ शकतं. दुसऱ्या साइटवरून विकतच्या लिंका आणत नाही. जुना व्हिडिओ काढून तोच पुन्हा चढवायला सांगत नाही, कारण त्याबरोबर त्याचे व्ह्यूज, प्रतिक्रिया आणि आलेल्या लिंका सगळंच जातं. टायटल, डिस्क्रिप्शन, थंबनेल, चॅप्टर हे सगळं आहे त्याच व्हिडिओवर बदलता येतं. आणि पहिल्या क्रमांकाची हमी देत नाही. गूगलवर तशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगतं.

किती दिवसांत फरक पडतो, याचं उत्तर व्हिडिओगणिक वेगळं असतं. काही बदल काही दिवसांत दिसतात, काहींना महिने लागतात. एका वेळी सगळे व्हिडिओ बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही, म्हणून आम्ही निवडक व्हिडिओंपासून सुरुवात करतो आणि बदलाची तारीख नोंदवून ठेवतो. तुम्ही मध्येच स्वतः काही बदललंत तर तेवढं कळवा.

पहिल्या भेटीआधी

ज्या व्हिडिओंवर काम व्हावं असं तुम्हाला वाटतं त्यांची यादी करा, आणि प्रत्येकासमोर एकच वाक्य लिहा: हा व्हिडिओ पाहण्याआधी माणूस काय शोधत असेल? वाक्य सुचलं नाही तर जागा कोरी ठेवा, तो व्हिडिओ बहुधा दैनंदिनीच्या गठ्ठ्यातला असतो. पासवर्ड कृपया पाठवू नका. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परवानग्यांचा भाग आहे, तिथून सुरुवातीला आम्हाला फक्त पाहण्याची परवानगी द्या. बदल करायचं ठरलं की एडिटरची परवानगी द्या आणि काम संपलं की काढून घ्या. वेबसाइट असेल तर सर्च कन्सोलमध्येही तसंच करा; ते अजून सुरूच केलं नसेल तर आजच करून ठेवा, कारण त्यातली माहिती साइट जोडल्यानंतरच जमा व्हायला लागते.