वायरी अंथरल्या म्हणजे तेल सापडलं असं नाही

आपल्याकडे भूकंपीय सर्वेक्षणवाल्यांच्या केशरी वायरी वावरातून गेल्या की पारावर दोन गोष्टी पक्क्या ठरतात: खाली तेल सापडलंय, सरकार लपवतंय, आणि यांच्या सुरुंगांनी विहिरी आटणार.

पहिलं आधी. भूकंपीय सर्वेक्षण तेल शोधत नाही, ते खडकांचे थर दाखवतं. काही मीटर खोल भोकात थोडी स्फोटकं उडवतात, किंवा जड ट्रक जमिनीला थरथरवतो. लाटा खाली जातात, थर बदलला की काही परततात. वायरीला जोडलेले, मुठीत मावणारे जिओफोन मातीत खोचलेले असतात. आत चुंबक आणि तारेचं वेटोळं, बस्स. जमीन हलली की वीज निर्माण होते. प्रतिध्वनी किती वेळाने आला, यावरून खोली काढतात. तेल आहे की नाही, हे तेलविहीर खोदल्यावरच कळतं.

खानदेशात तर अडचण आणखी मोठी. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण एकावर एक थरांत बसलाय. तो लाटा विखरून टाकतो, त्यामुळे खालचा गाळाचा खडक, जिथे तेल असलंच तर असेल, तो धूसर दिसतो. म्हणून एकाच पट्ट्यात पुन्हा मोजणी झाली तर तेल लागल्याचा अर्थ काढू नका. अनेकदा पहिल्या वेळी चित्र नीट आलेलं नसतं.

विहिरींचं म्हणाल तर, छोट्या सुरुंगाचा जोर थोड्याच अंतरात विरतो, आणि विहिरीपासून लांब राहूनच भोक पाडायचं असतं. तुमच्या विहिरीला खेटून पाडत असतील तर जरूर अडवा. पण रावेर-यावलची पातळी वर्षानुवर्षं उतरतेय ती उपशाने. केळी पाणी पिते, भाऊ.