घाटातला कडा आणि इंजिनातली टकटक

दिवेआगरहून परतताना ताम्हिणीची चढण लागली आणि डाव्या हाताला डोंगर कापून काढलेला कडा आला, तेव्हा मला माझ्याच गाडीचा आवाज नव्याने ऐकू आला. मागे दोन बॅगा, टॉप बॉक्स, पाठीमागे बायको, गाडी तिसऱ्यात. नेहमीच्या धडधडीवर एक कोरडी, नेमकी टकटक. कडा संपला की आवाज नाहीसा, पुढचा कडा आला की पुन्हा हजर.

गाडी अधूनमधून बिघडत होती असं नाही. मोकळ्या रस्त्यावर इंजिनाचा बाजूला फेकला जाणारा आवाज शेतात, झाडांत विरून जातो. शेजारी खडक असला की तोच आवाज आपटून कानाकडे परततो. एरवी वेग वाढला की हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज इतका होतो की बाकी काही कळत नाही. ताशी १०० किलोमीटरला तो ९० डेसिबलच्या वर जातो. म्हणून लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी एखाद्या लांबलचक कंपाउंड भिंतीला समांतर, सावकाश, हेल्मेटची काच वर करून गाडी नेऊन बघावी. कितीतरी गोष्टी कळतात.

त्या टकटकीचा छडा लागायला मला महिना लागला. त्या महिन्यात एक गोष्ट पक्की समजली: आवाज ‘कसा’ आहे यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. एकाला जी ‘टकटक’ वाटते ती दुसऱ्याला ‘तडतड’ वाटते. विचारायचं ते हे, की आवाज कशाशी बांधलेला आहे? इंजिनाच्या फेऱ्यांशी, चाकाच्या फेऱ्यांशी, उष्णतेशी की ओझ्याशी?

पहिली विभागणी सोपी आहे. मोटरसायकलच्या टायरचा घेर साधारण दोन मीटर. ताशी ६० किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला पावणेसतरा मीटरला, चाक सेकंदाला आठेक वेळा फिरतं. त्याच वेळी इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असेल तर क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा दांडा, सेकंदाला ६६ वेळा फिरतो. दोन्ही ताल इतके वेगळे आहेत की मोकळ्या, सपाट रस्त्यावर क्षणभर क्लच दाबला की उत्तर मिळतं. इंजिन स्लोवर, म्हणजे रेस नसतानाच्या फेऱ्यांवर, येतं, गाडी मात्र त्याच वेगाने धावत राहते. आवाज तसाच चालू राहिला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, ब्रेकचा किंवा चेनचा. इंजिनाला हात लावायची गरज नाही. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवूनही क्लच दाबून पाहावा. क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो, दाबला की त्याचा इंजिनाशी संबंध तुटतो. क्लच दाबताच खडखड थांबली तर संशय क्लचच्या बास्केटवर किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

टूरिंगच्या गाडीला आणखी एक गोष्ट तपासायला हवी, आणि ती सगळ्यांत आधी: आपण लावलेलं सामान. क्रॅश गार्ड, सॅडल स्टे, जादा दिवे, नंबरप्लेट. प्रत्येक पट्टीची आणि कंसाची स्वतःची एक कंपनसंख्या असते, आणि इंजिनाची धडधड नेमकी तिथे पोचली की ती वस्तू थरथरते. त्यामुळे ३,२०० फेऱ्यांना खणखणणारी आणि ३,६०० ला गप्प होणारी गोष्ट बहुतेक वेळा इंजिनाबाहेरची असते. माझ्या गाडीचं हे सगळं मी हाताने धरून, बोल्ट आवळून पाहिलं होतं. टकटक तिथली नव्हती.

क्लच दाबून फरक पडत नव्हता, फेऱ्यांबरोबर आवाज वाढत होता. म्हणजे इंजिन. आता इंजिनाच्या आतही दोन ताल असतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल एकदा पेटायला क्रँकच्या दोन फेऱ्या लागतात, म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. स्लोवर १,२०० फेऱ्या असतील तर क्रँक सेकंदाला २० वेळा आणि कॅम १० वेळा. आपला कान सेकंदाला वीसेक ठोक्यांपर्यंत ते सुटे ऐकू शकतो. त्यापुढे ठोके मिसळून घरघर किंवा सूर होतो. म्हणूनच जाणता मेकॅनिक रेस देत बसत नाही, स्लोवर कान लावतो. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांची, टिकटिक कॅमच्या तालात येते. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग झिजलं तर त्याचा जड, खोल ठोका मुख्यतः क्रँकच्या तालाला धरून असतो. मोबाइलवर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ध्वनीलहरींचा आलेख दाखवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये पाहिलं तर ठोके मोजताही येतात. मी मोजले. सेकंदाला दहा.

एका गॅरेजने हे ऐकून टॅपेटची फट नीट लावून दिली. तरी टकटक राहिली. मग त्यांनी हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उघडावं लागेल असं सांगितलं, आणि मी गाडी घेऊन परत आलो.

टॅपेटवर पहिला संशय जाणं चुकीचं नव्हतं. रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारी तरफ) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर सगळे भाग फुगतात. ही फट बहुतेक गाड्यांत ०.१ ते ०.३ मिलिमीटर. आपला झेरॉक्सचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. फट वाढली की रॉकर दर वेळी थोडं अंतर ओलांडून दांडीवर आपटतो आणि टिकटिक वाढते. हा आवाज त्रासदायक असला तरी लगेच घात करणारा नाही.

घात करते ती मिटलेली फट, आणि तिला आवाज नसतो. जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. त्याची बहुतांश उष्णता तो मिटून आपल्या सीटवर टेकतो त्या क्षणभरातच हेडमध्ये उतरते. सीट आणि व्हॉल्व्हचा काठ झिजत जातो तसा व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित वर सरकतो आणि त्याची दांडी रॉकरला टेकू लागते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. टेकायला जागा नाही म्हणून थंड होत नाही, आणि उरलेल्या चिरेतून पेटलेला वायू धारेसारखा बाहेर पडत काठ जाळतो. ‘माझी गाडी किती शांत झालीय बघ’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला धडकी भरते. टॅपेट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला, थंड इंजिनावर, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायलाच हवेत. आवाजाची वाट पाहू नये. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनांत मात्र फट तेलाच्या दाबाने आपोआप भरते. रात्रभर उभ्या राहिलेल्या अशा गाडीचे टॅपेट सकाळी काही सेकंद वाजले तर ते तेल पोचेपर्यंतचंच.

उष्णतेशी बांधलेला दुसरा आवाज पिस्टनचा. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ८० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन १५० अंशांनी तापला की पाव मिलिमीटरहून थोडा जास्त फुगतो. बिडाचा तेवढाच सिलिंडर तेवढ्याच तापण्याने त्याच्या निम्माच. म्हणजे थंड इंजिनात पिस्टन सैल असणारच. पेट्रोल पेटलं की तो एका बाजूच्या भिंतीवर ढकलला जातो आणि बद्द आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत ‘पिस्टन मारतोय’. पाच मिनिटांत गाडी तापून तो मिटला तर चिंता नको, तापल्यावरही राहिला तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, मोजायला हवा. क्रँकवरून कॅम फिरवणारी टायमिंग चेन वेगळी वागते. तिच्या पिना झिजून ती लांबते, तिला ताणून धरणारा टेन्शनर पुरा पडेनासा होतो, आणि स्लोवर किंवा अ‍ॅक्सिलरेटर अचानक सोडल्यावर साखळी ओढत नेल्यासारखी खळखळ येते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये: एखादा दात निसटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात.

माझी टकटक गाडी थंड असताना थोडी जास्त होती, तापल्यावर कमी. पण चढणीला, ओझ्यावर, ती स्पष्ट वाढायची, आणि टॅपेट ओझ्यावर फारसे बदलत नाहीत. इथे माझा विचार अडकला होता.

ओझ्यावर वाढणारा प्रसिद्ध आवाज म्हणजे नॉकिंग. मे महिन्याची दुपार, घाट, मोठ्या गिअरमध्ये कण्हणारं इंजिन. अशा वेळी ठिणगीने लावलेली ज्वाला पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक भडकतं. त्या धक्क्याने ज्वलनकक्षातला वायूच घंटेसारखा घुमतो. घुमण्याची कंपनसंख्या ठरते ती त्या वायूतल्या ध्वनीच्या वेगावर आणि बोअरच्या व्यासावर. ८० मिलिमीटरच्या बोअरला ती सेकंदाला ७ हजारांच्या आसपास येते. कथिलाच्या डब्यात खडे हलवल्यासारखा तो उंच, किणकिणता आवाज धातूवर धातू आपटल्याचा नसतोच. अमेरिकेत एमआयटीमध्ये चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांनी १९३० च्या दशकात हे गणित मांडलं. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेने अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवणारी यंत्रणा घडवली. आजच्या अनेक इंजिनांतला नॉक सेन्सर या पट्ट्यातल्या कंपनांसाठीच कान लावून असतो.

लडाखला जाणारे रायडर नॉकिंगची धास्ती घेतात, पण खारदुंग लाच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. सिलिंडरमध्ये हवाच कमी भरते, त्यामुळे दाब कमी आणि नॉकिंगही कमी. त्याची खरी शक्यता आपल्या कसारा घाटात, भर उन्हात, सामान लादलेलं असताना. एक गिअर खाली टाकला आणि आवाज थांबला तर ते नॉकिंग. मी गिअर बदलून पाहिला होता. टकटक थोडी मंदावायची, जायची नाही.

शेवटी पौडच्या रस्त्याकडेच्या एका मेकॅनिकने उत्तर शोधलं. त्याने हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. ही जुनी युक्ती भक्कम भौतिकशास्त्रावर उभी आहे. पोलाद हवेच्या मानाने इतकं जड आणि ताठ असतं की पोलादातून हवेत शिरू पाहणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी ९९.९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा पृष्ठभागावरूनच आत परतते. आपण बाहेर उभं राहून ऐकतो ते निसटलेला अंश. स्क्रू ड्रायव्हर टेकवला की हवेचा टप्पाच गळतो: धातूतून धातूत, मुठीतून हाडात, हाडातून थेट अंतर्कर्णात. शिवाय पोलादी दांड्यात ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरने धावतो. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. इथे कागदाऐवजी पोलाद, इतकंच. मात्र हे करताना ओढणी, मफलर, सैल बाही चेनजवळ जाऊ देऊ नये.

त्याने रॉकर कव्हर ऐकलं, टायमिंग चेनची बाजू ऐकली, खाली क्रँककेस ऐकलं. मग माझ्याही हातात स्क्रू ड्रायव्हर दिला. टॅपेटची बारीक, एकसारखी टिकटिक होती, निरोगी वाटावी अशी. पण ती मोठी, कोरडी टकटक धातूत कुठेच सापडेना. बाहेर उभं राहिलं की ऐकू येत होती आणि दांडा टेकवला की हरवत होती.

“आवाज लोखंडात नाही दादा, हवेत आहे,” तो म्हणाला. त्याने पेट्रोलच्या नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं इंजिनाभोवती फिरवलं. जळालेला वायू सायलेन्सरकडे नेणारा बेंडपाइप हेडला जिथे जोडतो तिथे आल्यावर तो थांबला. गाडी बंद करून गार होऊ दिली, त्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं आणि पुन्हा चालू केली. दर ठोक्याला बारीक बुडबुडे. खालच्या बाजूला काजळीची काळी रेघही होती. महिनाभर मी ती पाहिलीच नव्हती.

सगळं जुळलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणून गळणाऱ्या वायूचा ताल अगदी टॅपेटचाच. थंड असताना जोड सैल, म्हणून आवाज जास्त. तापून फुगला की फट थोडी दाबली जाते. आणि ओझ्यावर सिलिंडरमधून जास्त दाबाचा वायू सुटतो, म्हणून चढणीला टकटक वाढते. ताल मोजून मी अर्ध्या वाटेपर्यंत पोचलो होतो. तो ठोका धातूतून येतोय की हवेतून, हा प्रश्न मला सुचला नव्हता.

त्याने तांब्याचं नवं पॅकिंग घातलं, दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. मग न सांगता तेलाची पातळीही पाहिली, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून. खोल, जड ठोका आला असता आणि तेल कमी निघालं असतं, तर गाडी तिथेच बंद करून टेम्पोत घालून न्यायला सांगितलं असतं, असं तो म्हणाला. बेअरिंगमधली तेलाची चादर काही मायक्रॉनची असते, ती तुटली की मग धातूच धातूला खातो.

पंधरा दिवसांनी पुन्हा ताम्हिणीत गेलो. त्याच कड्याशी काच वर केली, वेग कमी केला. टकटक नव्हती. आता तिच्या जागी मागून एक बारीक, सततची किरकिर येत होती. क्लच दाबला तरी चालूच. चेन कोरडी होती. पुढच्या टपरीवर चहा सांगितला आणि बॅगेतून ल्यूबचा डबा काढला.