खुले शासन आणि ऑनलाइन तंत्रज्ञान

सरकारी कारभाराची माहिती लोकांना सहज मिळावी, निर्णय पक्का होण्याआधी त्यांचे म्हणणे विचारात घेतले जावे आणि काही कामांत त्यांचा हातभार लागावा, यासाठी इंटरनेटचा वापर करण्याची पद्धत. मूळ कल्पना जुनी आहे. सरकारी कागदपत्रे पाहण्याचा हक्क स्वीडनने १७६६ सालीच कायद्याने दिला होता. इंटरनेटमुळे कोणी मागण्याआधीच माहिती खुली करणे शक्य झाले. अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी जानेवारी २००९ मध्ये पारदर्शकता, सहभाग व सहकार्य ही तीन सूत्रे मांडली. २०११ मध्ये आठ देशांनी ‘ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिप’ ही खुल्या शासनासाठीची देशांची भागीदारी स्थापन केली.

माहिती कोणत्या स्वरूपात दिली जाते, यावर बरेच काही ठरते. अर्थसंकल्पाची पाने स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली, तर ती वाचता येतात. पण आकड्यांची बेरीज किंवा मागच्या वर्षाशी तुलना करायची झाली, तर सारे पुन्हा हाताने टाइप करावे लागते. तेच आकडे संगणकाला वाचता येणाऱ्या तक्त्यात दिले, तर पत्रकार, संशोधक किंवा विरोधी पक्षाचा नगरसेवक ते तासाभरात तपासू शकतो. युक्रेनमध्ये २०१६ पासून सक्तीच्या झालेल्या ‘प्रोझोरो’ या सरकारी खरेदीच्या प्रणालीत कोणी किती बोली लावली आणि कंत्राट कोणाला मिळाले, हे कोणालाही पाहता येते.

सहभागाचा सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयोग तैवानचा म्हणावा लागेल. चीनबरोबरच्या व्यापार कराराविरुद्ध २०१४ मध्ये विद्यार्थ्यांनी केलेल्या सूर्यफूल आंदोलनानंतर तेथे ‘व्ही-तैवान’ ही प्रक्रिया सुरू झाली. तिच्यात ‘पोल-इस’ (Pol.is) नावाचे ऑनलाइन साधन वापरले गेले. त्यावर नागरिक एखादे छोटे विधान मांडतो. इतर जण सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढेच नोंदवतात. कोणाच्याही विधानाला उत्तर देण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नाही, त्यामुळे वाद पेटत नाहीत. मतांवरून गट पडतात आणि विरोधी गटांनाही मान्य असलेली विधाने ठळकपणे समोर येतात. २०१५ मध्ये उबर टॅक्सीच्या प्रश्नावर अशीच सहमती शोधली गेली आणि पुढच्या नियमांना तिचा आधार मिळाला. मात्र सरकारवर तिचा निष्कर्ष बंधनकारक नव्हता, आणि हीच या प्रक्रियेची मोठी उणीव ठरली.

आइसलँडचा अनुभव तर अधिक चटका लावणारा आहे. तेथे २०११ मध्ये नव्या राज्यघटनेचे मसुदे लिहिता लिहिताच ऑनलाइन प्रसिद्ध केले गेले आणि लोकांनी फेसबुकवर सूचना केल्या. २०१२ च्या सल्लागार सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी या मसुद्याच्या बाजूने कौल दिला. संसदेने तो मंजूर केला नाही.

छोट्या कामांत यश लवकर दिसते. ब्रिटनमधील ‘फिक्स माय स्ट्रीट’वर २००७ पासून रस्त्यावरचा खड्डा किंवा बंद दिवा नकाशावर दाखवता येतो. तक्रार संबंधित स्थानिक संस्थेकडे जाते आणि सर्वांना दिसत राहते.

ज्यांच्याकडे इंटरनेट, सवड किंवा लिहिण्याचा आत्मविश्वास नाही, त्यांचा आवाज या पद्धतीत मागे पडतो. म्हणून स्पेनमधील बार्सिलोना शहराने २०१६ मध्ये ‘डेसिडिम’ हे ऑनलाइन सहभागाचे व्यासपीठ सुरू करताना प्रत्यक्ष सभांचीही जोड दिली. सभांमधले प्रस्ताव त्याच व्यासपीठावर नोंदवले गेले आणि प्रस्ताव स्वीकारला की नाकारला, हेही तेथेच कळवले गेले.