मायनर आणि मेथड : गोव्यात हायस्कूल शिक्षक होण्याच्या वाटेची पार्श्वभूमी

गोव्यातल्या खेड्यातल्या हायस्कुलात शिक्षकाच्या वाट्याला एकच विषय येईल, ही अपेक्षा सहसा पुरी होत नाही. तुकड्या कमी, शिक्षक मोजके. इतिहासवाल्याकडे भूगोल येतो, मराठीवाल्याकडे हिंदीचे दोन-चार तास येतात. विज्ञानाच्या शिक्षकाला भौतिक, रसायन आणि जीव असे तिन्ही भाग सांभाळावे लागतात, शिवाय खालच्या वर्गाचे गणितही. बी.एस्सी.ला रसायनशास्त्रात गढून गेलेला उमेदवार नववीला प्रकाशाचे अपवर्तन शिकवायला उभा राहतो तेव्हा त्याची गाठ बारावीत सोडून दिलेल्या विषयाशी पडते.

२०२३-२४ पासून गोवा विद्यापीठाच्या पदवीला मेजर-मायनरची, म्हणजे एक मुख्य आणि एक दुय्यम विषय घेण्याची, रचना लागू झाली. त्यानंतर शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचा एक प्रश्न साहजिकच पुढे येतो : मायनरला एज्युकेशन, म्हणजे शिक्षणशास्त्र, घेतले तर बी.एड. टळेल का? टळत नाही. मायनरचा शिक्षकाला होणारा खरा उपयोग वेगळा आहे, आणि तो नवा नाही. तो जुन्या व्यवस्थेतून आलेला आहे.

पोर्तुगीज अमदानीत माध्यमिक शिक्षण म्हणजे प्रामुख्याने लिसेव, ही सरकारी माध्यमिक शाळा. १८५४ साली नोव्हा गोवा, म्हणजे आजच्या पणजीत, ते सुरू झाले आणि तिथला सारा व्यवहार पोर्तुगीज भाषेत चाले. मराठी शिकवणारा मास्तर गावच्या आश्रयाने, देवळाच्या ओसरीवर किंवा कुणाच्या पडवीत वर्ग भरवी. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदू समाजाला संस्था काढण्याची मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षी फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ उभे राहिले. त्याच्या संस्थापकांमध्ये डॉ. दादा वैद्य होते. दुसरीकडे हडफड्याच्या सेंट जोसेफ हायस्कूलने १८८७ पासून इंग्रजी शिक्षणाचा पाया घातला होता. या इंग्रजी शाळांची नजर मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकवर होती. म्हणजे मुले गोव्यात बसून मुंबईच्या परीक्षेची तयारी करत, पण त्यांना शिकवणाऱ्यांना बी.टी., म्हणजे तेव्हाची बी.एड.सारखी पदवी, घ्यायची असेल तर सीमा ओलांडावी लागे. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ सालचे. तेवढा प्रवास ज्याला परवडला, तोच 'ट्रेन्ड'. बाकीचे विषयाच्या जोरावर शिकवत, आणि त्यांत उत्तम शिकवणारेही पुष्कळ होते, हे मान्य करायला हवे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि चित्र फार वेगाने बदलले. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांतली मुले चार-पाच वर्षांत हायस्कूलच्या दारात येणार, हे उघड होते. १९६२ मध्ये पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होऊन सुरू झाली. १९६३ मध्ये पणजीत निर्मला इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन आले. मुक्तीनंतर दोन वर्षांच्या आत विषयाची पदवी आणि अध्यापनाचे प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी घरच्या घरी मिळू लागल्या. पुढे फोंड्याला दादा वैद्यांच्याच नावाचे शिक्षण महाविद्यालयही झाले. शालान्त परीक्षेसाठी मात्र १९७५ मध्ये गोव्याचे स्वतंत्र मंडळ होईपर्यंत महाराष्ट्राच्या बोर्डावर अवलंबून राहावे लागले. १९८४ चा शालेय शिक्षण कायदा, त्याखालचे १९८६ चे नियम आणि मध्ये १९८५ ला सुरू झालेले गोवा विद्यापीठ, एवढ्यांत आजची चौकट पूर्ण होते.

मुंबई विद्यापीठाकडून गोव्याने एक सवय घेतली, ती आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षी सहा पेपर असत. सहाही एकाच विषयाचे घ्या, नाहीतर तीन एकाचे आणि तीन दुसऱ्याचे. पुढे एका वर्षाच्या बी.एड.ला दोन मेथड असत, म्हणजे दोन शालेय विषयांची अध्यापनपद्धती, आणि दोन्हींत पाठ द्यावे लागत. तीन-तीनवाल्याचे दोन विषय दोन मेथडला सरळ जुळत. सहाही पेपर एकाच विषयाचे घेणाऱ्याची दुसरी मेथड पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या पेपरवर टेकलेली असे. पाठाचे टाचण छान, फलकलेखन नेटके, पण चौथ्या रांगेतल्या मुलाने 'का?' विचारले की गाडी अडायची. पद्धत शिकवता येते, आशय कुठून आणणार? दुसऱ्या मेथडचे पाठ फसण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असे.

देशपातळीवर या दुखण्यावर एक उपाय १९६३ मध्येच निघाला होता. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांत विषय आणि अध्यापन चार वर्षे बरोबरीने शिकवण्याचा प्रयोग झाला. तो तिथेच टिकला, पण सार्वत्रिक झाला नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला १९९३ च्या कायद्याने वैधानिक अधिकार मिळाले आणि १९९५ पासून ती कामाला लागली. २०१२ मध्ये न्यायमूर्ती वर्मा आयोगाने प्रशिक्षण संस्थांच्या दर्जावर कडक अहवाल दिला. त्यापाठोपाठ २०१४ चे नियम आले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस. हजेरी वर्गात ८० टक्के, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. शाळेत काढायचे एकूण २० आठवडे : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६.

या बदलात एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेतली नाही. परिषदेच्या नव्या आराखड्यात एका शालेय विषयाची पद्धती अनिवार्य राहिली आणि दुसरी ऐच्छिक झाली. शाळेत मात्र अपेक्षा दोन विषयांचीच राहिली.

सूक्ष्म अध्यापन अजूनही करून घेतले जाते. त्याचा उगम १९६३ च्या सुमाराचा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला. भारतात त्याचे ठरलेले चक्र ३६ मिनिटांचे आहे : ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणे), १२ मिनिटे फेरआखणी, पुन्हा ६ मिनिटे पाठ आणि शेवटी ६ मिनिटे प्रत्याभरण. समोर सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात आणि ते सहसा चुकीचे उत्तर देत नाहीत. त्यामुळे प्रश्न विचारण्याचे कौशल्य तिथे जमल्यासारखे वाटते आणि खऱ्या सातवीत गेल्यावर पहिल्याच तासाला निसटते. १६ आठवड्यांच्या इंटर्नशिपचा हेतू ही दरी भरण्याचा आहे. शाळेने प्रशिक्षणार्थीला रजेवरच्या शिक्षकांच्या तासांवर फिरवत ठेवले, तर तो हेतू साधत नाही.

मेजर-मायनर ही भाषा मूळ अमेरिकन विद्यापीठांची. तिथे गणितात मेजर आणि माध्यमिक शिक्षणात मायनर करून शिक्षक होण्याचा मार्ग रुळलेला आहे. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने १९९७ मध्ये सुरू केलेला यूटीच हा कार्यक्रम त्याच धाटणीचा. विज्ञान-गणिताच्या विद्यार्थ्याला तो अगदी सुरुवातीच्या सत्रांतच खऱ्या शाळेत पाठ द्यायला पाठवतो आणि पदवीच्या चार वर्षांतच तयारी पुरी करतो. परवाना मात्र तिथेही राज्य देते, त्याच्या परीक्षा वेगळ्या. इंटरनेटवर मायनरबद्दल जे वाचायला मिळते ते बरेचसे त्या व्यवस्थेचे असते. आपल्याकडे तसे काही होत नाही. नववी-दहावीला शिकवण्यासाठी ५० टक्के गुणांची पदवी आणि बी.एड., किंवा चार वर्षांची एकात्मिक पदवी, हेच लागते. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. एकात्मिक वाट गोव्यातही आहे : हरमलच्या गणपत पार्सेकर शिक्षण महाविद्यालयात बी.ए.बी.एड. आणि बी.एस्सी.बी.एड. असे अभ्यासक्रम सुरू झाले.

आता मायनरचे गणित. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट आहेत. त्यांत मेजरला किमान ६० आणि मायनरला २४. चार वर्षांना १६०, पैकी मायनरला ३२. व्याख्यानाचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचे एक म्हणजे ३० तास. चार-चार क्रेडिटचे पेपर धरले तर तीन वर्षांत मायनरचे सहा पेपर होतात, म्हणजे साधारण ३६० तास. जुन्या तीन-तीनमधल्या दुसऱ्या विषयाची जागा जवळजवळ परत मिळाली. इतिहासाबरोबर भूगोल, मराठीबरोबर हिंदी, भौतिकाबरोबर गणित अशी जोडी लावली, तर बी.एड.ला ऐच्छिक दुसरी पद्धती घेताना पायाखाली जमीन असते. एज्युकेशन मायनर वाईट नाही. बालमानसशास्त्राची आणि मूल्यमापनाची तोंडओळख लवकर होते. पण बी.एड.ला तेच पुन्हा शिकायचे असते, आणि दुसऱ्या शालेय विषयाची जागा तेवढी गेलेली असते.

चुका होतात त्या इथेच. मायनरचे पेपर मिळेल त्या विभागातून गोळा केले, तर गुणपत्रिकेवर दुसरा विषय असा दिसतच नाही. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे एखादा विषय मायनर म्हणवण्यासाठी त्यात किमान १२ क्रेडिट हवीत. मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र घेतले तर पाचवी ते दहावीत तो विषय स्वतंत्रपणे शिकवलाच जात नाही. वाणिज्यवाल्यांची अडचण याच जातीची : त्यांचा विषय अकरावीला सुरू होतो, म्हणून एम.कॉम.शिवाय बी.एड.चा उपयोग थोडा. नोकरीच्या जाहिरातीत पदापुढे पदवी आणि विषय लिहिलेले असतात. वर्षभराच्या अशा जाहिराती कापून ठेवून मग मायनर निवडणे हे सल्लागाराकडे जाण्यापेक्षा अधिक भरवशाचे. गुणपत्रिकेबरोबर प्रत्येक पेपरचा छापील अभ्यासक्रमही जपून ठेवावा. पेपरच्या नावावरून विषय कळला नाही तर तोच कामी येतो.

गोव्याची आणखी एक गुंतागुंत म्हणजे पाचवी. आपल्याकडे प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पाचवी ते दहावी हायस्कुलात भरते. परिषदेच्या नियमांत मात्र पहिली ते पाचवी हा एक टप्पा आहे आणि सहावी ते आठवी हा दुसरा. या दोन्ही टप्प्यांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते : १५० प्रश्न, १५० गुण, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के म्हणजे ९०, सवलतीचे प्रवर्ग सोडून. नववी-दहावीच्या भरवशावर टीईटी टाळणारा उमेदवार वेळापत्रकात सातवी आली की अडचणीत येऊ शकतो. बी.एड. करतानाच दुसरा पेपर, सहावी ते आठवीचा, देऊन टाकलेला बरा.

याच पाचवीत भाषेचा सांधाही बदलतो. गावच्या मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळेतून आलेले मूल बहुतेक हायस्कुलांत एकदम इंग्रजी माध्यमात पडते. विज्ञानातला 'फोर्स' त्याला बळ म्हणून आधी समजावा लागतो. मेजर कुठलेही असो, मराठी मायनर केलेला शिक्षक इथे उपयोगी पडतो, आणि मराठीच्या तासिकांसाठीही त्याचा विचार होऊ शकतो. सरकारी पदांना कोकणीचे ज्ञान अनिवार्य आणि मराठीचे असल्यास बरे, अशी अट असते. मराठीप्रेमींना ती खटकते, पण अर्ज भरताना वाद घालून भागत नाही. कोकणी बोलता येणे पुरेसे न मानता ती देवनागरीत लिहिण्याचा सराव ठेवावा. १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखलाही आधीच काढून ठेवलेला बरा.

राहता राहिले पदवीचे चौथे वर्ष. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एका वर्षाचे बी.एड. असावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे आणि परिषदेने २०२५ मध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यातही आहे. चौथे वर्ष केवळ त्याच आशेवर घेण्यापूर्वी आपल्या जवळच्या शिक्षण महाविद्यालयाला असा अभ्यासक्रम चालवण्याची मान्यता आहे का, हे तिथल्या कार्यालयात जाऊन पाहावे. तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांचे बी.एड. केले तरी एकूण वर्षे पाचच होतात.