३७२ वेळा कळ दाबायची की एकदा वेळ टाइप करायची?

१० तासांच्या श्राव्य पुस्तकात ६ तास १२ मिनिटांपाशी पोहोचायचं आहे. डोळस माणूस माउसने प्लेअरची पट्टी ओढतो. ही पट्टी किती ढोबळ असते पाहा: १० तास म्हणजे ३६,००० सेकंद. पट्टी ६०० पिक्सेल रुंद असेल तर एका पिक्सेलमागे आख्खं मिनिट जातं. त्याहून बारीक नेम कुणालाच साधत नाही, आणि स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्या अंध व्यक्तीला तर ही पट्टी दिसतच नाही.

तिच्या हाताशी असतात बाणांच्या कळा. व्हीएलसी प्लेअरमध्ये शिफ्टसोबत बाण दाबला की ३ सेकंदांची उडी, ऑल्टसोबत १० सेकंदांची, कंट्रोलसोबत एका मिनिटाची. मिनिटामिनिटाने जायचं तर ३७२ वेळा कळ दाबा! कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही धरून ५ मिनिटांची उडी घेता येते, तरीही पाऊणशे वेळा दाबावं लागतंच. त्याच प्लेअरमध्ये कंट्रोल आणि टी दाबलं, तर वेळ लिहायचा छोटा चौकोन उघडतो. वेळ टाइप करायची, एंटर दाबायचं, झालं. माझ्या मते प्रत्येक प्लेअरमध्ये ही सोय असायलाच हवी, डोळसांसाठीसुद्धा.

पोहोचल्यावर आपण कुठे आहोत, हेही कळायला हवं. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर फूबार२००० प्लेअरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ई दाबल्यावर किती वेळ झाला ते बोलून सांगतो; ई ऐवजी आर दाबलं तर किती उरला ते. वेबपानावरच्या प्लेअरचं मात्र सगळं बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. स्लायडरला, म्हणजे त्या पट्टीला, वाचनीय मजकूर जोडलेला नसेल तर स्क्रीन रीडर नुसताच सेकंदांचा ‘२२३२०’ असा आकडा म्हणतो. तो जोडणं एका ओळीचं काम आहे, आणि तेवढ्याने ‘६ तास १२ मिनिटे’ ऐकू येतं.

आता खरी गंमत फाइलीच्या पोटात आहे. एमपी३ फाइल छोट्या छोट्या फ्रेम्सची बनलेली असते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेल्या ध्वनीत एक फ्रेम साधारण २६ मिलिसेकंदांची. बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या ध्वनीला लागणारी माहिती, कायम १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ हजार बिट; ८ बिटांचा एक बाइट) असेल तर दर सेकंदाला १६,००० बाइट खर्च होतात. मग ६ तास १२ मिनिटं म्हणजे सुमारे ३५ कोटी ७१ लाखावा बाइट. एक गुणाकार केला की प्लेअर थेट तिथे.

बिटरेट बदलता असला की हा गुणाकार फसतो. शांततेला कमी बाइट लागतात, गुंतागुंतीच्या आवाजाला जास्त. म्हणून अशा बहुतेक फाइलींच्या सुरुवातीला, कुठल्या वेळेसाठी फाइलीत कुठे जायचं हे सांगणारा १०० नोंदींचा एक तक्ता ठेवलेला असतो. तीन मिनिटांच्या गाण्याला तो पुरतो. १० तासांच्या पुस्तकात मात्र ६ मिनिटांमागे एकच नोंद येते. शिवाय प्रत्येक नोंद एका बाइटची, म्हणजे फाइलीचे २५६ भाग केले तर त्यांतला कुठला, एवढंच ती सांगू शकते. असा एक भाग सुमारे २ मिनिटं २० सेकंदांचा! घड्याळ ६:१२:०० दाखवतं आणि कानावर भलतंच वाक्य पडतं, ते यामुळे. काही प्लेअर आधी सगळ्या फ्रेम्स मोजून अचूक जागा काढतात. त्याला थोडा वेळ लागतो, पण उडी चुकत नाही.

एम४ए या दुसऱ्या प्रकारच्या ध्वनिफाइलीत प्रत्येक तुकड्याचा आकार आणि कालावधी यांची पूर्ण नोंद असते. त्यामुळे लांबलचक व्याख्यानं किंवा पुस्तकं ध्वनिमुद्रित करून इतरांना देणाऱ्यांनी एम४ए निवडावं, किंवा एमपी३ च करायचं तर बिटरेट कायम ठेवावा. जमलं तर डेझी स्वरूपाचा विचार करावा. अंध वाचकांसाठीच घडवलेल्या या स्वरूपात प्रकरणं, उपप्रकरणं आणि पानं ध्वनीतल्या नेमक्या वेळांना जोडलेली असतात. वाचक ‘पुढचं प्रकरण’ म्हणतो, आणि सेकंदांचा हिशेब सॉफ्टवेअर करतं.